इथे कोणी दार वाजवत नाही

९ ऑक्टोबर

आज माझ्या हातून दार पडलं. फायबरग्लासचं, नवंकोरं, ट्रकवरून उतरवताना. हेडली मामा सांगत होता, दोघांनी धरा. मी एकट्यानेच ओढलं, कारण समोरच्या रस्त्याने जोलीन चालली होती आणि तिने पाहावं असं मला वाटत होतं. तिने पाहिलं नाही. दार कोपऱ्यावर आपटलं आणि खालच्या बाजूला वीतभर तडा गेला.

"गाढवा," मामा म्हणाला, "कॉलेजात दार धरायला शिकवत नाहीत?"

"सोडायला शिकवतात. म्हणून तर इथे आलो."

तो हसला नाही. तडा गेलेलं दार आम्ही मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात स्टीलच्या दाराशेजारी भिंतीला टेकवून ठेवलं. मामा म्हणतो, कंपनीला कळवू. माझं नाव मात्र कळवणार नाही, एवढं त्याने मेहेरबानीने सांगितलं.

कॉलेज का सोडलं हे मी आमच्या या समुद्रकाठच्या गावात, शोल टिकलमध्ये, प्रत्येकाला वेगळं सांगितलंय. आईला सांगितलं, मास्तर छळतो. मामाला सांगितलं, थंडीतली घरं पुस्तकातून कळत नाहीत. इथे वहीत कशाला खोटं लिहू? जोलीनला सेंट अँथनीच्या इस्पितळात नोकरी लागली आणि ती आजीकडे राहायला आली, हे मला फोनवर आईकडूनच कळलं. आई पुढे बरंच बोलत होती. मी तोवर कपाटातले कपडे काढायला लागलो होतो.

१२ ऑक्टोबर

जोलीन दुकानात आली. मी काउंटरमागे खिळे निवडत होतो. सगळे सांडले.

"कोल्बी, आजीच्या घराला दार हवंय. मागचं."

"मागचंच असणार. पुढचं काय सासूला निरोप द्यायला?"

हा आमच्याकडचा सगळ्यात जुना विनोद. आमच्या घरांना पुढचं दार असतं, पण त्याला पायऱ्या कोणी कधी बांधलेल्याच नाहीत. दार उघडून पाऊल टाकलं की पुरुषभर खाली. म्हणून ते सासूचं दार. येणंजाणं सगळं मागच्या पडवीतून.

जोलीन हसली नाही. "चेष्टा नको. मागचं लाकूड कुजलंय, वारा सरळ स्वयंपाकघरात येतो. गेल्या हिवाळ्यात आजी कोट घालून जेवायची. आईने अल्बर्टाहून निक्षून सांगितलंय, याही हिवाळ्यात घर गार राहिलं तर आजीला वृद्धाश्रमात हलवायचं. आणि आजी म्हणते, मला या घरातून न्यायचं तर खांद्यावरूनच न्या."

"म्हणजे सगळं या दारावर आलं."

"हो. त्याच्यावरच आलंय म्हण." मग ती म्हणाली, "रोझेर म्हणतो फायबरग्लासचं घ्या."

रोझेर! चर्चचं छप्पर दुरुस्त करायला उन्हाळ्यात न्यू ब्रन्सविकहून एक फ्रेंच सुतार आला, छप्पर झालं तरी हा गेला नाही. आता दारांवरही बोलायला लागला.

"मापं घ्यायला मी येतो," मी म्हटलं. "दाराचं मी बघतो."

१४ ऑक्टोबर

ट्रिफी मावशीकडे गेलो. जोलीनची आजी ती, पण सगळ्या गावाची मावशी. आमच्याकडे कोणी दार वाजवत नाही. पायरीवर बूट आपटून चिखल झाडायचा आणि आत शिरायचं, तोच निरोप. मी आपटले. मावशी शेगडीकडे तोंड करून कणकेच्या पोळ्या तळत होती. मागे वळून न बघता म्हणाली, "ये कोल्बी. त्या पायरीने तुझं काय घोडं मारलंय रे?"

पोळ्यांवर काकवी घालून बशी पुढे केली. जोलीन समोर बसली होती. जग ठीक चाललं होतं.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. हळू, सभ्य. मावशी हसून हसून बेजार. "बघ गं जोलीन, पोलीस आले! नाही तर पाद्री!"

रोझेर आत आला, टोपी हातात. "माफ करा मादाम. माझी सवय."

"अरे, किती वेळा सांगू? परक्यासारखा वाजवतोस कशाला?"

"मी परकाच आहे, मादाम."

आणि मग त्याने दारांवर प्रवचन सुरू केलं. त्याच्या बोलण्यात दार नेहमी बाईमाणूस असतं, त्याच्या भाषेत तसंच आहे म्हणे. "स्टीलची दार मजबूत, खरी गोष्ट. स्वस्त पण. पण पत्रा थंडीला हात धरून आत आणते. कडेला बर्फ जमते. पुढे समुद्र, मीठ. ओरखडा पडली की गंजते. लाथ बसली की पोचा राहते, जन्मभर. फायबरची दार गंजत नाही, तिला पोचा पडत नाही, हाताला गार लागत नाही. मादाम दिवसभर किटली उकळवते, घरात वाफ फार. तिला फायबरची दारच बरी."

सगळं खरं होतं. पहिल्या सत्रात आम्हाला हेच शिकवलं होतं. दाराचा छेद काढून थंडी कुठून आत शिरते ते लाल पेन्सिलीने दाखवायचं होतं, आणि माझी आकृती मास्तरांनी फळ्यावर लावली होती. मी तोंड उघडून म्हणणारच होतो, बरोबर आहे. पण जोलीन हनुवटीला हात लावून त्याच्याकडे बघत होती. माझ्याकडे तिने असं कधी बघितलेलं नाही.

"फायबर थंडीत तडकतं," मी म्हटलं. "उद्या दुकानात या. दाखवतो."

१५ ऑक्टोबर

मामा मालाला गेला होता. तिघं आली. मी त्यांना तडा दाखवला.

जोलीनने त्यावरून बोट फिरवलं. "हे नुसत्या थंडीने?"

"बाहेर राहिलं होतं गारठ्यात."

"ऑक्टोबरमध्ये?" रोझेरने हळूच विचारलं.

"तुमच्याकडे ऑक्टोबर असेल. आमच्याकडे हिवाळा असतो."

मावशीला ते फार आवडलं. काठी आपटून हसली. "लोखंडाचंच घ्या गं! वसंतात बर्फावरून पांढरं अस्वल आलं तर ते काय फायबर बघून परत जाईल? कोल्बी आपला पोरगा आहे. तो कशाला वाईट सांगेल?"

रोझेर तड्याकडे बघत राहिला. मग कोपऱ्यातल्या चेपलेल्या जागेकडे, जिथे दार जमिनीवर आपटलं होतं. मग माझ्याकडे.  बोलला असता तर मी भांडलो असतो आणि मला बरं वाटलं असतं.

स्टील ठरलं. मी जिंकलो. घरी आईने सुकवलेल्या माशाचं कालवण केलं होतं, माझं आवडतं. अर्धं ताटात ठेवून उठलो. "आपला पोरगा आहे" हेच कानात वाजत होतं. पण स्टील काही वाईट नसतं. अर्ध्या किनाऱ्यावर स्टीलचीच दारं आहेत. तो काही गुन्हा नाही.

२ नोव्हेंबर

दार बसलं. लाल. बसवलं रोझेरने, मी नुसता धरून उभा. त्याला दार चुकीचं वाटत होतं तरी चौकट त्याने अशी ओळंब्यात घेतली की मला राग यावा. रबरी पट्टी दोनदा काढून पुन्हा लावली. जेवणाच्या सुट्टीत पायरीवर बसून कुणाशी तरी फोनवर फ्रेंचमध्ये बोलत होता, हसत होता, शेवटी फोनचा मुका घेतला. माझीच टिंगल चालली असणार.

मावशीने दार उघडून झाकून बघितलं. "तिजोरीसारखं लागतंय," म्हणाली. वारा बंद झाला हे खरं. जोलीन म्हणाली, "थँक्यू कोल्बी." माझं नाव घेऊन. रोझेरला नुसतं थँक्यू.

२४ नोव्हेंबर

आज बूट आपटून आत गेलो तर मावशी फडक्याने दार पुसत होती.

"बघ रे, तुझ्या दाराला आतून फुलं आली."

चौकटीच्या कडेने बर्फाची फुलं. पांढरी, बारीक, नक्षीसारखी. उंबरठ्याशी पाणी.

"आणि ही मूठ चावते. सकाळी ओल्या हाताने धरली, कातडं चिकटलं."

अजून खरी थंडी पडायचीय. माझ्या लाल पेन्सिलीची रेघ मला त्या चौकटीवर स्पष्ट दिसत होती. तोंडून मात्र निघालं, "मुठीला लोकरीची टोपी घाल ना, मावशी."

"अगं बाई! डोकं आहे पोराला!"

आणि मी चहा संपवेपर्यंत तिने सुया काढल्यासुद्धा. निळी टोपी, वर गोंडा. मुठीवर घातली तर दाराला नाकच आलं. जोलीन इतकी हसली की तिने माझी बाही धरली. तो क्षण होता सांगायचा: जोलीन, तडा थंडीने नव्हता पडला, दार बदलू या, मामाला मी समजावतो. पण बाही धरलेली होती. मी हललोच नाही, हात सुटेल म्हणून.

२८ डिसेंबर

नाताळातल्या सोंगांचे दिवस. आम्ही उश्यांचे अभ्रे तोंडावर ओढून, आईचे गाऊन आणि बापाचे कोट उलटसुलट घालून घरोघर नाचत फिरतो, आणि घरच्यांनी कोण कोण ते ओळखायचं. वर्षातून एवढ्याच दिवसांत गावचा माणूस दार वाजवतो, कारण सोंग म्हणजे परका. मावशीकडे आम्ही जोरात वाजवलं आणि श्वास आत ओढत घोगऱ्या आवाजात ओरडलो, "सोंगांना आत घेता का?"

बाकीच्यांना ओळखायला तिला वेळ लागला. मला बघून लगेच म्हणाली, "हा कोल्बी. तोंड झाकलंस, बूट कुठे झाकशील? त्या पायरीला दुसरा कोण मारतो असा?"

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण टेबलाशी रोझेर बसला होता, हातात पेला, आणि जोलीन त्याला आपली गाणी शिकवत होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी अभ्रा काढला आणि म्हणालो, काय म्हणालो ते सगळं लिहीत नाही. परका, फुकट्या, वाजवून घरात शिरतो आणि वाजवूनच घर लुटतो, असलं काहीतरी. त्याची कॉलर धरली. पेला फुटला.

त्याने माझा हात नुसता बाजूला केला. "तू चांगला पोरगा आहे," म्हणाला. "पण तू दार कोणावर तरी रागाने विकते."

जोलीनने काचा गोळा केल्या आणि मला म्हणाली, "चेहरा झाक परत. अभ्राच बरा होता."

१७ जानेवारी

दोन दिवस वादळ होतं, आज बर्फ थांबला, वारा मात्र सकाळभर होता. थंडी अशी की थुंकी जमिनीवर टणकन वाजते. आईने मूस हरणाचं मटण दिलं, मावशीकडे पोचव म्हणाली. मी मनात माफी पाठ करत गेलो. चांगली जमली होती. रोझेरचं नावसुद्धा तीत होतं.

पायरीवर बर्फात आधीच कुणाची पावलं होती, जाणारी आणि येणारी. बूट झाडले, दार ढकललं. हललं नाही. परत ढकललं. बंद.

शोल टिकलमध्ये दाराला आतून कडी! माझ्या जन्मात कोणी घातलेली नाही. धुराड्यातून धूरही नव्हता. म्हणजे माझी चाहूल लागताच चूल विझवून, कडी घालून गप्प बसल्या दोघी. चोर आहे मी? मी पायरीला लाथा घातल्या, मग दाराला एक सणसणीत. लाल पत्र्याला बशीएवढा पोचा पडला. अजून मारणार होतो, पण म्हटलं जाऊ दे, एवढीही किंमत नाही त्यांची. आवरलं स्वतःला.

मटण परत आणलं. आईला सांगितलं, घरात कोणी नाही.

माफी मागायला गेलो तर दार लावून घेतात. ठीक आहे. पुन्हा त्या पायरीवर पाऊल ठेवणार नाही.

१८ जानेवारी

कडी नव्हती. दार गोठलं होतं.

१९ जानेवारी

आज सगळं लिहितो.

वादळामुळे जोलीन दोन दिवस सेंट अँथनीतच अडकली होती. घरात मावशी एकटी. सतरा तारखेच्या सकाळी ती लाकडं आणायला निघाली. घरातली वाफ चौकटीच्या कडेला जाऊन जाऊन बर्फ झाली होती, आणि दार चौकटीला धरून बसलं होतं. तिने मूठ दोन्ही हातांनी धरून ओढली. मुठीवर टोपी होती. लोकर सरकली, हात सुटले, ती मागे पडली. कंबरेचं हाड मोडलं. आतच, बंद पडवीत, दाराशी.

मग एकेक जण आलं. शेजारची ब्लँच काकू आली, दार ढकललं, उघडलं नाही, म्हणाली, मावशी जोलीनबरोबर गेली वाटतं. एल्ड्रेड काका आला, त्यालाही तेच वाटलं. दार उघडत नाही म्हणजे घरात कोणी नाही, आमच्याकडे याचा दुसरा अर्थच नाही. वाजवून बघावं असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. घरच्या माणसाच्या दारावर कोण वाजवतं?

रोझेर आला त्याच दिवशी दुपारनंतर, मी परतल्यावर. त्याने वाजवलं.

परका म्हणून वाजवलं. सवय म्हणून वाजवलं. आतून काहीतरी खरवडल्याचा आवाज आला. त्याने खांद्याने रेटून दार बर्फातून सोडवलं.

गाव आता ब्लँच काकूला समजावतंय, तुझा दोष नाही गं, आम्हालाही तसंच वाटलं असतं. एल्ड्रेड काका चर्चमध्ये उठून रडला. सगळ्यांना माहीत आहे कोण कोण येऊन गेलं. मी आलो होतो हे कोणालाही माहीत नाही. आईला वाटतं मी लांबूनच बघून परतलो.

माझा बूट आणि तिचं डोकं यांच्यामध्ये एक पत्रा होता.

२६ जानेवारी

शस्त्रक्रिया झाली. मावशी वाचेल म्हणतात. जोलीनच्या आईने अल्बर्टाहून वृद्धाश्रमात जागा धरायला सांगितलं. आता कोण नाही म्हणणार?

इस्पितळाच्या आवारात गाडी लावली आणि काच धुरकट होईपर्यंत आत बसून राहिलो. मग परत आलो.

३ फेब्रुवारी

मामाला सांगितलं, फायबरग्लासचं दार मागव, माझ्या पगारातून. तो म्हणाला, "मागवलंय. तुझ्या विचारण्याची वाट बघत होतो."

संध्याकाळी जोलीन दुकानात आली. डोळे सुजलेले. मी एका दमात सांगून टाकलं: तडा थंडीने नव्हता, माझ्या हातून पडलं होतं दार, मी खोटं बोललो.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"ऑक्टोबरपासून. तुझ्या मामाने दुसऱ्याच दिवशी सांगितलं. स्टीलही चालेल म्हणाला. मला वाटलं, एक दार तर आहे. कोल्बीला एवढं जिंकायचंय तर जिंकू दे." ती हातमोजे काढून परत घालत होती. "तू जिंकलास की कसा दिसतोस ठाऊक आहे? शाळेत असताना पहिल्यांदा पोहलास तेव्हा दिसलास तसा. मला ते बघायचं होतं. मूर्ख मी."

इतके महिने ज्याची वाट पाहिली ते ती बोलत होती, आणि मी उभ्या जागी मरत होतो. कारण आता पुढचं सांगायला हवं होतं. पोच्याचं. सतराव्या तारखेचं. तोंड उघडलंसुद्धा.

"आजी पडली त्याचा दोष आपल्या दोघांत वाटून घेऊ," ती म्हणाली आणि काउंटरवरचा माझा हात धरला.

मी नाही सांगितलं. तिने अर्धा वाटा घेतला आणि मी घेऊ दिला.

११ फेब्रुवारी

रोझेर आणि मी लाल दार उतरवलं. त्याने ते हिमावर उभं केलं आणि पोच्यापाशी बसला. बोटाने गोल फिरवून बघितलं. मग माझ्या बुटाच्या टोकाकडे बघितलं. मी पाय मागे घेतला.

"अस्वल," तो म्हणाला.

मी बिजागरीचे स्क्रू गोळा करायला लागलो.

"अस्वल असेल," तो परत म्हणाला, आणि नव्या चौकटीची पेटी उघडायला गेला.

नवं दार बसवताना त्याने पट्टी मला लावायला दिली. चुकली की काढायला लावायचा, पुन्हा लावायला लावायचा. दुपारी पायरीवर बसल्यावर मी विचारलं, फोनवर कोण असतं रे? "माझी एलोदी," म्हणाला. "जूनमध्ये लग्न. इथे घर बघतो आम्ही. जोलीन मदत करते, घरं दाखवते. तुला बोलली नाही?"

बोलली असेल. मी ऐकलं असेल तर ना.

लाल दार टाकायला न्यायचं होतं. मी ते आमच्या शेडमध्ये नेऊन ठेवलं. भिंतीकडे तोंड करून.

२० एप्रिल

मावशी परत आली! उन्हाळाभर घरी राहून बघायचं, थंडीच्या आधी पुन्हा ठरवायचं, असं जोलीनने आईकडून कबूल करून घेतलं. चार पायांची काठी आहे, जोलीन आहे, नवं दार आहे. गावातले सगळे भेटून आले. मी गेलो नाही. आई म्हणाली, "तुला काय निमंत्रण पाहिजे?"

२३ एप्रिल

आज गेलो. बूट आपटले नाहीत. चोरासारखा हळूच पायरी चढलो, दारासमोर उभा राहिलो, आणि वाजवलं. हात आपोआपच उठला.

आतून खुर्ची करकरली. मग मावशीचा आवाज. "कोण मेलंय? नाताळ संपला की! पोलीस आहे का पाद्री?"

"मी आहे, मावशी."

"मग वाजवतोस कशाला? ये की आत."

करंगळीने लोटलं तरी उघडलं. आतल्या मुठीवर निळी टोपी नव्हती. गरजच नाही, ही मूठ चावत नाही. मावशी शेगडीजवळच्या खुर्चीत, मांडीवर गोधडी. इतकी लहान झालीय. किटली उकळत होती.

"बूट का नाही आपटलेस?"

"बर्फ वितळलाय."

"हं." तिने मला बसायची खूण केली. चहात डब्यातलं दूध ओतून कप माझ्याकडे सरकवला. मांडीवरची गोधडी सारखी केली. मग म्हणाली, "त्या दिवशी तू आला होतास."

मी उचललेला कप परत बशीत ठेवला.

"ब्लँच आली, ती पाय घासते. एल्ड्रेड खोकतो. दोघं आली तेव्हा मला ओरडता येत होतं, पण वारा केवढा! तू आलास तोवर आवाज गेला होता. पण पायरीला लाथ बसली आणि मी म्हटलं, आला माझा कोल्बी. आता काळजी नाही. हा रागीट पोरगा, दार उघडलं नाही तर तोडेल. मग दाराला बसली एक, माझ्या कानाशी. कडेचा बर्फ कटकन वाजला बघ. सुटत आलं होतं. म्हटलं, मार, अजून एक मार." ती थांबली. तोंडातल्या तोंडात हसली, वाईट नव्हतं हसणं. "आणि तू गेलास. जन्मात एकदा राग आवरलास रे मेल्या, तोही त्याच दिवशी!"

 टेबलावर डोकं टेकलं. तिने माझ्या केसांत हात घातला, आणि जरा जोरातच ओढले.

"जोलीनला सांगितलं का?" मी विचारलं.

"मी कशाला सांगू? लाथ माझी आहे का?"

तेवढ्यात बाहेर पायरीवर बूट वाजले. हलके, भरभर. जोलीन कामावरून आली होती. मावशीने तोंड शेगडीकडे फिरवलं आणि उकळत्या किटलीचं झाकण उगीचच उचलून बघायला लागली.

मी उठलो. जोलीनचा हात दारावर पडायच्या आत मीच दार ओढून उघडलं.

ती दचकली. "हे काय? मला दार उघडून देतोस? मी काय पाहुणी आहे?"

"आत येण्याआधी ऐक," मी म्हटलं. आणि उंबरठ्यावरच सगळं सांगितलं. मटण, माफी, पावलं, नसलेला धूर. लाथ. घरी येऊन आईला जे बोललो ते. तिने अर्धा वाटा घेतला तेव्हा मी गप्प राहिलो ते.

ती ऐकत राहिली. पिशवी खाली ठेवली नाही. ना आत आली, ना वळली. तिच्या तोंडाकडे मला बघवेना, म्हणून मी तिच्या बुटांकडे बघत होतो. बूट तिथेच होते.

आतून मावशी ओरडली, "अरे, आत या नाही तर बाहेर जा दोघं! सगळी ऊब चालली माझी!"